रॉय वॉलफर्ड: उपासाआधीचा माणूस

रॉय वॉलफर्डचं नाव निघालं की लोकांना एकच गोष्ट आठवते, काचेच्या घरात दोन वर्षं अर्धपोटी राहिलेला तो अमेरिकन डॉक्टर, १२० वर्षं जगायचं म्हणत होता आणि ७९व्या वर्षी गेला. ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर हलकंसं हसू असतंच. बघा, एवढं पोटाला चिमटा काढून काय मिळालं शेवटी. मला या हसण्याचा मनापासून त्रास होतो, म्हणून हे सगळं लिहायला बसले. कारण वॉलफर्ड हा मुळात डायटवाला माणूस नव्हताच. तो इम्युनॉलॉजिस्ट, म्हणजे प्रतिकारशक्तीचा अभ्यासक होता, आणि कमी खाणं हे त्याच्या हातातलं एक साधन होतं, त्याचा प्रश्न वेगळाच होता आणि फार मोठा होता.

माझी त्याची ओळख उपासामुळे झालेली नाही. मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या टिश्यू टायपिंग लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलं. किडनी द्यायला कुणाची आई आलेली असायची, कुणाचा भाऊ, कुणाची बायको, आणि दोघांच्या पांढऱ्या पेशी किती जुळतात, घेणाऱ्याच्या रक्तात देणाऱ्याच्या पेशींविरुद्ध आधीच अँटिबॉडी तयार आहेत का, हे आम्ही बघायचो. आता हे बरंचसं डीएनएवर होतं, पण तेव्हा सगळं जिवंत पेशींवर चालायचं. रक्त फायकॉल नावाच्या जड द्रवावर अलगद सोडायचं, सेंट्रिफ्यूजमधून काढलं की मध्ये एक पातळ दुधी रिंग दिसते, त्या लिम्फोसाइट्स, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या पांढऱ्या पेशी. त्या ड्रॉपरने उचलून, धुऊन, तेरासाकी ट्रेच्या एकेका खड्ड्यात एक मायक्रोलिटर टाकायच्या, तिथे आधीच तेलाखाली एक मायक्रोलिटर सिरम असतं. अर्धा तास थांबायचं, मग सशाचं कॉम्प्लिमेंट, म्हणजे अँटिबॉडी चिकटलेल्या पेशी मारणारी रक्तातली प्रथिनं, घालायचं, तासभर ठेवायचं, मग रंगासाठी इओसिन, मग पेशी तशाच टिकवायला फॉर्मेलिन. मायक्रोस्कोपखाली जिवंत पेशी लहान, चकचकीत दिसते आणि मेलेली फुगलेली, काळपट. कुठल्या खड्ड्यात किती मेल्या यावरून एक ते आठ असा स्कोअर द्यायचा आणि त्यावरून माणसाचा एचएलए टाइप, म्हणजे त्याच्या पेशींवरच्या ओळखखुणांचा प्रकार, काढायचा. एक खड्डा वाचायला काही सेकंद लागतात, पण आख्खा ट्रे वाचून मान वर केली की खिडकीतला उजेड सहन व्हायचा नाही.

ती सिरम्स कुठून यायची माहितीये? बाळंतिणींकडून. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईच्या रक्तात मुलाकडून आलेल्या, म्हणजे नवऱ्याच्या बाजूच्या अँटिजेन्सविरुद्ध (पेशींवरच्या याच ओळखखुणा) अँटिबॉडी तयार झालेल्या असतात. हे १९५८ साली युरोप-अमेरिकेत दोन ठिकाणी वेगवेगळं लक्षात आलं, आणि त्या सिरम्सच्या जिवावर पुढे हे आख्खं शास्त्र उभं राहिलं. त्याच सुरुवातीच्या काळातल्या माणसांपैकी वॉलफर्ड एक. १९६० साली पांढऱ्या पेशींच्या अँटिजेन्स आणि अँटिबॉडीजवर त्याचं आख्खं पुस्तक आलं होतं, तेव्हा एचएलए हे नावसुद्धा ठरलेलं नव्हतं. आम्ही ज्यांच्या नावाचे ट्रे वापरायचो ते पॉल तेरासाकीही यूसीएलएचेच आणि वॉलफर्डही १९५४ पासून तिथेच, पॅथॉलॉजीत. आमच्या कामाचे अर्धे धागे लॉस एंजेलिसच्या त्या एका कॅम्पसपर्यंत जातात असं म्हटलं तरी चालेल.

त्याच्या तरुणपणाबद्दल जास्त लिहीत नाही, ते सगळीकडे आहे, पण एक गोष्ट सांगायला हवी. शिकागोत मेडिकलच्या दिवसांत तो आणि त्याचा गणिती मित्र अल्बर्ट हिब्स नेवाडातल्या कॅसिनोंमध्ये जाऊन बसले, रुलेटची चाकं फिरताना बघत, आकडे लिहून घेत. कुठलंही यंत्र अगदी समतोल नसतं, चाक जरासं कललेलं असलं की काही आकडे जास्त येतात, आणि हे कळायला भरपूर वेळा मोजावं लागतं. त्यांनी मोजलं, पैसे लावले, जिंकले आणि त्या पैशांतून बोट घेऊन कॅरिबियनमध्ये फिरले. लोक हा किस्सा धाडस म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच दिसतं. बारीकसा कल, जो एका फेरीत दिसत नाही पण हजार फेऱ्यांत दिसतो, तो शोधायची सवय. म्हातारपणावर काम करणाऱ्याला नेमकी हीच सवय लागते, कारण एका उंदरावरून काहीच कळत नाही.

तर त्याचा प्रश्न. आपण म्हातारे का होतो? साठच्या दशकाच्या सुरुवातीला वॉलफर्डने एक उत्तर मांडलं, १९६२ मध्ये पेपर आणि १९६९ मध्ये पुस्तक, म्हातारपणाची इम्युनॉलॉजिक थिअरी. म्हणणं असं की वय वाढतं तशी आपल्या प्रतिकारशक्तीची आपलं-परकं ओळखण्याची ताकद बिघडत जाते. परका जंतू आला तर ती ढिली पडते आणि स्वतःच्याच पेशींवर मात्र हळूहळू, न कळत हल्ला करत राहते. ट्रान्सप्लांट केलेली किडनी शरीर नाकारतं तसं काहीतरी, पण फार मंद, फार कमी तीव्रतेचं, आणि वर्षानुवर्षं चालणारं. सोसायटीचा वॉचमन म्हातारा झाला की चोर सोडून रहिवाशांनाच गेटवर अडवायला लागतो ना, तसं. टिश्यू टायपिंग करणाऱ्या माणसालाच हे सुचू शकतं असं मला वाटतं, कारण रोज रिजेक्शन बघितल्यावर डोकं त्याच दिशेने जातं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते मला पुस्तकी वाटलं होतं. मग बाबांना नागीण झाली. सत्तरी ओलांडलेली, तब्येत ठणठणीत, सकाळी फिरायला जाणारे, आणि एक दिवस उजव्या बरगडीवर आग व्हायला लागली, दोन दिवसांनी त्या पट्ट्यात पाण्याचे फोड. गावाहून आत्याचा फोन, गेरू लावा, नागीण उतरवणारा माणूस आहे आमच्याकडे, तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका हं. औषध वेळेत चालू केलं, फोड सुकले, पण दुखणं गेलं नाही. कित्येक महिने त्यांना सदऱ्याचा स्पर्श त्या जागी सहन व्हायचा नाही, बनियन एका बाजूने वर गुंडाळून बसलेले असायचे.

आणि हा व्हायरस बाहेरून आलेला नव्हता. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या तेव्हापासून तो मणक्याजवळच्या नसांच्या मुळाशी पडून होता, साठ-पासष्ट वर्षं. इतकी वर्षं त्याला टी-सेल्सनी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींनी, दाबून धरलं होतं. बाबांच्या हृदयाला काही झालं नव्हतं, गुडघे चांगले होते, साखर नव्हती. म्हातारं झालं होतं ते फक्त हे दाबून धरणं. प्रतिकारशक्तीला स्वतःचं असं वय असतं, हे मला तेव्हा घरात दिसलं. (आता यावर चांगली लस आहे, २०२३ पासून भारतातही मिळते, आणि विशेष म्हणजे सत्तरीपुढच्या लोकांच्या मोठ्या ट्रायलमध्येही तिने जवळजवळ ९० टक्के संरक्षण दिलं. घरात पन्नाशीपुढचं कुणी असेल तर डॉक्टरांना विचारा. लस महाग आहे, दंड दोन दिवस ठणकतो, पण ते दुखणं मी जवळून बघितलंय.)

टी-सेल्स तयार होतात छातीच्या हाडामागे, थायमस नावाच्या ग्रंथीत. ती काय करते हे १९६१ मध्ये जॅक मिलरच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं, तोवर ती निरुपयोगी समजली जायची. आणि ही ग्रंथी आपल्या शरीरात सगळ्यात आधी म्हातारी होते. वयात येता येताच आकसायला लागते, तिच्या जागी चरबी भरत जाते, साठीपर्यंत मूळ ग्रंथी फार थोडी उरते. वॉलफर्डच्या डोक्यात घड्याळ होतं ते इथे.

त्याच्या थिअरीवर आक्षेप आले आणि ते खरे होते. माशीला, किड्याला आपल्यासारख्या लिम्फोसाइट्स नसतात, अँटिबॉडी नसतात, तरी ते म्हातारे होतातच की, मग म्हातारपणाचं मूळ प्रतिकारशक्तीत कसं? याला सोपं उत्तर नाही. हळूहळू थिअरी मागे पडली, पुस्तकांत दोन ओळींत उरली. पण वॉलफर्डने ती सोडली नाही, तो तिला वेगवेगळ्या बाजूंनी तपासत राहिला, आणि त्याच्या पुढच्या कामाकडे या नजरेने बघितलं तरच ते एका माणसाचं काम वाटतं, नाहीतर नुसते तुकडे दिसतात. दक्षिण अमेरिकेतले वर्षभरच जगणारे मासे त्याने थोड्या थंड पाण्यात ठेवले, पाच-सहा डिग्री कमी, तर ते जास्त जगले आणि वर मोठेही झाले. थंडीत प्रतिकारशक्तीची स्वतःवर चालणारी ही खटपट मंदावत असेल, असा त्याचा तर्क. म्हणूनच तो भारतात आला तेव्हा योग्यांच्या अंगाचं तापमान मोजत हिंडला. विक्षिप्त गोरा पाहुणा म्हणून हा किस्सा सांगितला जातो, पण माशांचा प्रयोग माहीत असेल तर त्यामागचं डोकं कळतं.

मला स्वतःला त्याचं सगळ्यात आवडतं काम १९७७ चं आहे, स्मिथ नावाच्या सहकाऱ्याबरोबर केलेलं, नेचर या जर्नलमध्ये आलेलं. उंदरांच्या अशा जाती असतात ज्या बाकी सगळ्या जीन्समध्ये सारख्या, फरक फक्त एका तुकड्यात. हा तुकडा म्हणजे एमएचसी, आपल्यातला एचएलए तोच, ज्यावरून टिश्यू जुळतात. या जाती आयुष्यभर पाळायच्या आणि कोण किती जगतं बघायचं. फक्त त्या एका तुकड्यामुळे आयुष्यात फरक पडला. काही जाती स्पष्टपणे जास्त जगल्या. म्हणजे मी रोज ट्रेवर जे वाचत होते, ही किडनी त्याला चालेल का, त्याच जीन्सचा संबंध माणूस किती जगेल याच्याशीही असू शकतो! पुढे त्याने हेही दाखवलं की उंदरांच्या लिम्फोसाइट्समध्ये डीएनएची दुरुस्ती किती चांगली होते हेसुद्धा या भागातल्या जीन्सशी जोडलेलं आहे. एकाच जागी आपलं-परकं ओळखणं, दुरुस्ती आणि आयुष्य. हे वाचून मी उठून चक्कर मारून आले होते, इतकं ते मनात बसलं.

कमी खाण्याचं प्रकरण या सगळ्यानंतर मोठं झालं. ती कल्पना त्याची नव्हे, कॉर्नेलमध्ये क्लाइव्ह मॅकेने १९३५ सालीच दाखवलं होतं की कमी खाणारे उंदीर जास्त जगतात. आपल्याकडे तर अती खाणे मसणात जाणे म्हणतच आलेत. पण मॅकेने लहानपणापासून उपाशी ठेवलेले उंदीर होते, माणसाच्या कामाचं काय ते? वॉलफर्ड आणि त्याचा विद्यार्थी रिचर्ड वाइंड्रुक यांनी १९८२ मध्ये वर्षभराचे, म्हणजे आपल्या हिशोबाने मध्यमवयाचे उंदीर घेतले, खाणं हळूहळू कमी केलं, व्हिटॅमिन्स मिनरल्स मात्र पूर्ण, आणि ते १० ते २० टक्के जास्त जगले, कॅन्सरही कमी झाला. चार वर्षांनी आणखी नेमका प्रयोग, लहानपणापासून सुरू केलेला. आठवड्याला ८५ कॅलरी खाणारे उंदीर सरासरी ३३ महिने जगले आणि ४० कॅलरीवाले ४५ महिने. या सगळ्या कामात हे दोघं एक गोष्ट सारखी तपासत होते जी डायटची पुस्तकं वाचणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे त्या उंदरांच्या टी-सेल्स कशा आहेत. कारण उपास हा त्याच्यासाठी प्रतिकारशक्तीचं घड्याळ हळू करायचा सगळ्यात भरवशाचा उपाय होता.

मग बायोस्फिअर २. ॲरिझोनाच्या वाळवंटात सव्वातीन एकरांच्या आसपासचं बंद काचघर, आत आठ माणसं, २६ सप्टेंबर १९९१ ते २६ सप्टेंबर १९९३, जे आत पिकेल तेच खायचं. वॉलफर्ड त्यांचा डॉक्टर, वय ६७, बाकीचे त्याच्यापेक्षा बरेच तरुण. पिकं पुरेशी आली नाहीत, रताळी, बीट, केळी, शेंगदाणे, थोडं धान्य, रोजच्या १८०० कॅलरीच्या आसपास, आणि शेतात मरमर काम. उपास ठरवून केलेला नव्हता, परिस्थितीने आला, पण आत नेमका जगातला तो एक डॉक्टर होता ज्याला अशा वेळी काय मोजायचं ते माहीत होतं. पहिल्या सहा महिन्यांत सरासरी कोलेस्टेरॉल १९१ वरून १२३ वर आलं, उपाशीपोटीची साखर ९२ वरून ७४ वर, बीपी १०९/७४ वरून ८९/५८. उंदरांत जे होतं ते माणसांत व्हायला लागलं होतं. आणि जे सोयीचं नव्हतं तेही त्याने छापलं. चरबी उतरली तसे तिच्यात साठलेले डीडीटीचे अवशेष आणि पीसीबी नावाची कारखान्यांतली विषारी रसायनं रक्तात वाढली, हे त्यांच्याच १९९९ च्या पेपरमध्ये आहे. आपल्या आवडत्या उपायाची खराब बाजू स्वतः मोजून पुढे ठेवणं हे मला फार मोठं वाटतं.

आतली हवाही बिघडली होती. मातीतले जीवाणू ऑक्सिजन वापरत होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे ऑक्सिजन १४ टक्क्यांच्या जवळ उतरला, म्हणजे लेहपेक्षाही उंचावर राहिल्यासारखं, तेही अर्धपोटी आणि कुदळ मारत. जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला.

बाहेर आल्यानंतर वॉलफर्डची तब्येत बिघडत गेली. चालणं, हात, मग एएलएस, तोच मोटर न्यूरॉनचा आजार. आतल्या हवेमुळे हे झालं असावं असा त्याचा संशय होता. त्याच्या आजारावर न्यूरॉलॉजीच्या जर्नलमध्ये २००४ मध्ये केस रिपोर्ट आला आणि त्याच्या लेखकांत खुद्द वॉलफर्डचं नाव आहे. पेशंट तोच, लेखकही तोच. हे बघितल्यापासून ते हसणं मला अजिबात सहन होत नाही. २७ एप्रिल २००४ ला तो गेला. एएलएसने गेलेल्या एका माणसाच्या वयावरून कमी खाण्याचा निकाल लावणं म्हणजे रुलेटची एक फेरी बघून चाक ओळखलं म्हणणं, आणि निदान त्याच्या बाबतीत तरी कुणी तसं करू नये.

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. माकडांवरचे दोन मोठे प्रयोग, एक वाइंड्रुकचा विस्कॉन्सिनमधला आणि एक अमेरिकन सरकारी संस्थेचा, आयुष्य वाढतं का यावर बराच काळ एकमेकांशी भांडत बसले. पण २०१७ मध्ये सहा लाखांहून जास्त आईवडिलांच्या आयुष्याचा डेटा त्यांच्या मुलांच्या जीन्सशी लावून बघितला गेला, आणि आख्ख्या जीनोममधून आयुष्याशी जोडलेल्या ज्या मोजक्या जागा वर आल्या त्यातली एक होती एचएलए, डीक्यूए-वन आणि डीआरबी-वन या तिथल्या दोन जीन्सच्या भागात. फरक लहान आहे, पण आहे. १९७७ चे ते उंदीर!

मग २०२२. अमेरिकेतल्या कॅलरी नावाच्याच एका ट्रायलमध्ये लठ्ठ नसलेल्या निरोगी लोकांनी दोन वर्षं कमी खाल्लं होतं, लक्ष्य २५ टक्क्यांचं, प्रत्यक्षात जमलं १२ च्या आसपास, म्हणजे फार अघोरी काही नाही. येलमधल्या विश्व दीप दीक्षित यांच्या गटाने त्यांच्यातल्या काहींच्या छातीचे एमआरआय तपासले. कमी खाणाऱ्यांच्या थायमसमधली चरबी कमी झाली होती, कामाचा भाग वाढला होता, नव्या टी-सेल्स जास्त बाहेर पडत होत्या. दोन वर्षांत, मोठ्या माणसांत, ज्या ग्रंथीबद्दल आम्हाला शिकवलं होतं की ती एकदा आकसली की संपलं. शिवाय शरीरातल्या चरबीत पीएलए-टू-जी-सेव्हन नावाचा एक जीन या लोकांत थंडावलेला सापडला, आणि उंदरांत तो काढून टाकला तर म्हातारपणीही थायमस बऱ्यापैकी टिकला. वॉलफर्डची इम्युनॉलॉजी आणि वॉलफर्डचा उपास, ज्या दोन गोष्टी लोकांनी वेगळ्या करून एक विसरली आणि दुसरीवर हसले, त्या एका ग्रंथीत एकत्र आल्या.

आणि आणखी एक, २०२४ चं, ९६० उंदरांवरचं, सगळे एकमेकांपासून जीन्सने वेगवेगळे. कमी खाल्ल्याने आयुष्य वाढलं खरं, पण डायटपेक्षा जीन्सचा वाटा मोठा निघाला, आणि उपाशी ठेवलेल्यांत जास्त जगले ते कोण, तर ज्यांनी वजन टिकवून धरलं ते. जास्त बारीक झालेले नाहीत. सोबत रक्तात लिम्फोसाइट्सचं प्रमाण चांगलं असणारेही पुढे. त्यामुळे ओळखीतलं कुणी साठीला येऊन एकवेळ जेवायचं म्हणायला लागलं की मी आधी विचारते वजन किती उतरलंय, आणि डाळ, अंडं, दूध तरी पोटात जातंय का. दीक्षितांच्या त्या जीनवर औषध करता आलं तर उपास न करता थायमस राखता येईल का, यावर आता लोक विचार करतायत. मी त्या बातमीची वाट बघतेय आणि ती आली की त्या पेपरच्या संदर्भांत १९६९ चं ते पुस्तक आहे का, हे मी सगळ्यात आधी बघणार आहे.